कावड कोणाच्या खांद्यावर?

अमेरिकेत साठी-पासष्टी उलटलेली काही जोडपी राहते घर विकून टाकतात, एक मोठे वाहन घेतात आणि त्या वाहनातच संसार मांडून वर्षानुवर्षे देशभर हिंडतात, असे आपल्याकडे कुणी सांगितले तर ऐकणाऱ्याच्या तोंडून पहिला उद्गार निघतो तो "अरेरे!" असा. "मुलांनी टाकले असणार", "तिकडे कुटुंब म्हणून काही उरलेच आहे कुठे?" ही पुढची वाक्येही ठरलेली. आपल्या संस्कृतीचा अभिमान मिरवण्याची एक स्वस्त संधी आपण या निमित्ताने साधून घेतो. मला ही कीव अनाठायी वाटते. ती का, हे सांगण्यासाठी हा लेखनप्रपंच.

वृद्ध दांपत्याच्या प्रवासाचे आपल्या मनातले चित्र एकच आहे, श्रावणबाळाच्या कावडीचे. आंधळे आईबाप दोन टोपल्यांत बसलेले आणि खांद्यावर दांडी घेऊन मुलगा यात्रेला निघालेला. कुठल्या वाटेने जायचे, कुठे थांबायचे, पाणी केव्हा प्यायचे हे सारे त्या एका खांद्याच्या हाती. दशरथाच्या बाणाने तो खांदा कोसळला की म्हाताऱ्यांनीही तिथेच प्राण सोडायचे. पितृभक्तीची कथा म्हणून ती थोर आहे याबद्दल वाद नाही. पण वाचकहो, टोपलीत बसलेल्यांच्या बाजूने ती एकदा वाचून पाहा. मला तरी ती भयंकर वाटते.

अमेरिकेतले जोडपे टोपलीत बसत नाही, ते गाडी हाकते. या वाहनाला तिथे 'रिक्रिएशनल व्हेइकल', थोडक्यात 'आर.व्ही.' म्हणतात. स्वतःचे इंजिन असलेले ते मोटारहोम आणि ट्रकच्या मागे जोडून ओढायचे ते ट्रेलर. आत पलंग, गॅसची शेगडी, फ्रीज, न्हाणी, संडास सगळे असते. वाहनाच्या पोटात तीन टाक्या असतात. एक स्वच्छ पाण्याची, दुसरी आंघोळ-भांड्यांच्या सांडपाण्याची आणि तिसरी संडासाची. या दोन शेवटच्या टाक्या दर काही दिवसांनी ठरलेल्या जागी नेऊन, जाड नळी जोडून, स्वतःच्या हाताने रिकाम्या कराव्या लागतात. तिथे बँकेतून निवृत्त झालेला साहेबही हातमोजे घालून हे काम करतो. आपल्याकडच्या एखाद्या निवृत्त साहेबाची या जागी कल्पना करून पाहावी. 'देश पाहायला निघालो' म्हणणारे आपल्याकडचे किती जण या टाकीपाशी माघारी फिरतील, हा जातीचा प्रश्न आहे की सवयीचा, हे मी समाजशास्त्राच्या विद्यार्थ्यांवर सोपवतो.

कपाटे इतकी लहान की एक वस्तू नवी घ्यायची तर एक जुनी काढावी लागते. दिवसभर पाऊस लागला तर नवराबायकोला एकमेकांपासून दहा पावलेसुद्धा दूर जाता येत नाही. घर मोठे होते म्हणून ज्यांचे चाळीस वर्षे जमले, त्यांचे या वाहनात जमेलच असे नाही. तेव्हा ही काही नुसती चैन नव्हे.

हिवाळा लागला की उत्तरेतली ही मंडळी पाखरांसारखी दक्षिणेकडे सरकतात. ॲरिझोना राज्याच्या वाळवंटात क्वार्ट्‌झसाइट नावाचे गाव आहे. कायमची वस्ती अडीच हजारांच्या आसपास, पण हिवाळ्याच्या मोसमात तिथे लाखो माणसे येऊन जातात. सरकारी पडीक जमिनीवर तिथे परवाना काढून सबंध हिवाळा मुक्काम करता येतो. इतरत्र अशा बऱ्याच जमिनींवर १४ दिवस फुकट राहू देतात, मग जागा सोडायची. गावाच्या दफनभूमीत हाजी अली या उंटवाल्याचे पिरॅमिडच्या आकाराचे स्मारक आहे. १८५० च्या दशकात अमेरिकी सैन्याने वाळवंटासाठी उंट आणवले, त्यांच्याबरोबर तो आला होता. भटक्यांच्या गावाला शोभेल असाच हा पूर्वज! दुसरी एक गोष्ट मात्र तितकी गंमतीची नाही. आयोवा राज्यातल्या ज्या प्रसिद्ध कंपनीने १९६६ पासून मोटारहोम बनवली, तिचे नाव 'विनेबेगो'. हे नाव मुळात तिथल्या एका आदिवासी जमातीचे. त्या जमातीला एकोणिसाव्या शतकात सरकारने पुनःपुन्हा जागा सोडायला लावली. हौसेने घर सोडणाऱ्यांच्या गाड्यांवर, घर सोडायला लावलेल्यांचे नाव आहे.

आता मुद्द्याकडे येतो. या जोडप्यांच्या धाडसाचे कौतुक पुष्कळ होते, आणि माझे मत असे की ते थोडे अधिकच होते. त्यांची गाडी पेट्रोलवर चालते तशीच ती कायद्यांवरही चालते. १९३५ साली तिथे सोशल सिक्युरिटीचा कायदा झाला आणि म्हातारपणी दरमहा ठरावीक रक्कम मिळू लागली. १९५६ च्या कायद्याने देशभर महामार्गांचे जाळे विणले गेले. १९६५ साली मेडिकेअर आले आणि पासष्टीनंतरच्या दवाखान्याचा बराच भार सरकारने घेतला. बासष्ट वर्षे पूर्ण झालेल्या रहिवाशाला ८० डॉलरांत राष्ट्रीय उद्यानांचा जन्मभराचा पास मिळतो. म्हणजे श्रावण तिथेही आहेच. कमावत्या पिढीच्या पगारातून दरमहा कापल्या जाणाऱ्या कराच्या रूपाने तो आहे. कावडीची दांडी लाखो खांद्यांवर वाटून दिल्यामुळे कोणा एकाचा खांदा मोडत नाही, आणि टोपलीतल्या माणसाला खाली उतरून आपल्या पायांनी चालता येते.

यावर कोणी म्हणेल, तिकडचे सगळेच म्हातारे काही सुखाने हिंडत नाहीत. खरे आहे. २००८ च्या मंदीत अनेकांची घरे आणि साठवलेला पैसा गेला. भाडे परवडेना म्हणून जे वाहनात राहायला गेले, त्यांच्यावर जेसिका ब्रूडर यांनी २०१७ साली 'नोमॅडलँड' हे पुस्तक लिहिले. त्यावरच्या चित्रपटाला २०२१ साली ऑस्कर मिळाले. सत्तरीच्या बाया-बाप्ये ॲमेझॉनच्या गोदामांत दहा-दहा तास उभे राहून माल उचलत होते. उत्तरेकडे साखरेच्या बिटाच्या हंगामात बारा-बारा तासांच्या पाळ्या करत होते. साखरेच्या हंगामासाठी संसार गाडीत घालून निघणारी माणसे महाराष्ट्राला काही नवीन नाहीत. पण या उदाहरणाने माझा मुद्दा खोटा पडत नाही, उलट पक्का होतो. रक्कम अपुरी पडली त्या दिवशी यात्रेची मजुरी झाली. वाहन तेच, रस्ता तोच.

आपल्याकडे तर 'निवृत्ती' हा शब्दच फार थोड्या घरांत पोचला आहे. आमच्या घरात आजवर कोणी निवृत्त झालेले नाही. आजोबा अंथरूण धरीपर्यंत रोजाने दुसऱ्याच्या रानात गेले. निवृत्त व्हायला आधी नोकरी लागते. अशा घरातून पहिलाच मुलगा कॉलेजात आला की घरच्यांच्या नजरेत मला ती कावड स्पष्ट दिसते. ते बोलत काही नाहीत. मला ती उचलायची नाही असे मुळीच नाही. पण आईबापांनी पंढरपूर सोडून दुसरे काही पाहावे की नाही, हे माझ्या पहिल्या पगारावर का ठरावे? आणि मुलगीच असेल, किंवा मूलच नसेल, त्यांच्या यात्रेचे काय?

निराधार वृद्धांना महाराष्ट्र शासन दरमहा १५०० रुपये देते. त्या योजनेचे नाव 'श्रावणबाळ' आहे. पैसा सरकारी, नाव मुलाचे! त्यापेक्षा मला एस.टी.चे मोल अधिक वाटते. ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरील माणसाला एस.टी.चा प्रवास मोफत झाला. पासष्टीनंतर अर्धे तिकीट आहेच. आता स्टँडवर उभे राहिले की पिशवी घेतलेली, कुणालाही न विचारता निघालेली म्हातारी माणसे दिसतात. लाल गाडी, खिडकीची जागा आणि तिकिटाला मुलाकडे हात पसरणे नाही. हे आपले मोटारहोम. त्यात पलंग नाही आणि संडासासाठी स्टँड येईपर्यंत थांबावे लागते. सुधारणेला वाव आहे तो इथे, पण आपण मात्र वृद्धांसाठी काही करायचे म्हटले की संस्कारांवर व्याख्यान ठेवतो.

राहता राहिला "हातपाय थकल्यावर काय?" हा प्रश्न. वाहनात राहणाऱ्यांची 'एस्केपीज' नावाची संघटना १९७८ साली एका भटक्या दांपत्याने काढली. टेक्सासमधल्या लिव्हिंग्स्टन गावी ती सभासदांची पत्रे स्वीकारून ते जिथे असतील तिथे धाडते. तिथेच तिने थकलेल्यांसाठी एक केंद्र चालवले आहे. ज्याला गाडी चालवणे झेपत नाही त्याने आपले वाहन तिथे आणून उभे करायचे आणि राहायचे त्याच वाहनात, आपल्याच पलंगावर. जेवण, कपडे धुणे, डॉक्टरकडे नेणे-आणणे हे केंद्र पाहते. मदतीला जे स्वयंसेवक येतात तेही असेच हिंडणारे लोक असतात. ते आपापली वाहने घेऊन येतात, काही दिवस राबतात आणि पुढच्या मुक्कामाला निघतात.