कुंपणाबाहेरचे वैमानिक

दिवाळीचा कंदील लावायला मी शिडीवर चढलो की घरात आरडाओरडा होतो. यंदा शिडी धरायला नात उभी होती. मी तारेची गाठ मारतो आहे, तोच ती खालून शांतपणे म्हणाली, "आजोबा, मला विमान चालवायला शिकायचंय."

मी पडलो नाही, एवढेच!

वाचकहो, आमच्या बेलवलीच्या घरात विमानाचे वेड जुने आहे. नातीची ही चौथी पिढी. मौज अशी की, या घरातल्या कुणी आजवर विमान चालवलेले नाही. आमचे सारे वैमानिक कुंपणाबाहेरचे!

सुरुवात माझ्या वडिलांपासून, म्हणजे अण्णांपासून झाली. दुसऱ्या महायुद्धात इथून जवळच, नेवाळीला, इंग्रज सरकारने धावपट्टी बांधली. अण्णा तेव्हा पोरसवदा होते. आभाळात घरघर ऐकू आली की हातचे काम टाकून ते धावत सुटायचे. त्या धावपट्टीखाली ज्यांची शेते गेली त्यांची गोष्ट निराळी आणि कडू आहे. ती पुन्हा केव्हातरी. अण्णांची मान मात्र तेव्हा जी वर झाली, ती जन्मभर वरच राहिली.

15 ऑक्टोबर 1962, सोमवार. अण्णांनी माझी शाळा बुडवली आणि मला घेऊन जुहू गाठले. दादरला गाडी बदलेपर्यंत त्यांनी सारी कथा सांगून टाकली. तीस वर्षांपूर्वी याच तारखेला, 1932 साली, जे. आर. डी. टाटा कराचीहून टपालाच्या थैल्या घेऊन एका इंजिनाच्या चिमुकल्या 'पुस मॉथ' विमानातून निघाले, वाटेत अहमदाबादला थांबले आणि दुपारी जुहूला उतरले. पुढे मद्रासपर्यंत ते टपाल नेव्हिल व्हिन्सेंट यांनी नेले. पावसाळ्यात जुहूचे मैदान पाण्याखाली जाई, म्हणून विमानांचा मुक्काम पुण्याला हलवावा लागे. अशा चिखलातून आपल्या देशाची विमानसेवा उभी राहिली! आता त्या दिवसाची आठवण म्हणून टाटा पुन्हा तसेच कराचीहून येणार होते.

मी नऊ वर्षांचा घोडा, तरी अण्णांनी मला खांद्यावर घेतले. लांबून एक ठिपका आला, त्याला पंख फुटले, आणि विमान अलगद जमिनीला टेकले. अण्णा काहीच बोलले नाहीत. फक्त माझ्या पायांवरची त्यांची पकड घट्ट झाली.

पुढे मी टाटांविषयी मिळेल ते वाचले. त्यांचे लहानपणीचे काही दिवस फ्रान्सच्या किनाऱ्यावर गेले. तिथे शेजारी होते लुई ब्लेरियो, 1909 साली विमानातून इंग्लिश खाडी ओलांडणारे! तिथेच त्या मुलाला विमानाचे वेड लागले. 1929 साली त्यांनी मुंबईच्या फ्लाइंग क्लबात परवाना मिळवला, तो भारतात दिला गेलेला पहिला. बहीण सिल्लाही विमान चालवायला शिकली. त्या घराण्यातल्या पुढच्या पिढीचे रतन टाटाही वैमानिक होते. 2007 साली बंगळूरला, वयाच्या एकोणसत्तराव्या वर्षी, त्यांनी एफ-16 या लढाऊ विमानातून भरारी घेतली.

त्या घराला पंख होते. आम्हांला नुसत्या माना.

1982 साली, पन्नास वर्षे झाली म्हणून, अठ्ठ्याहत्तर वर्षांचे जे. आर. डी. कराचीहून पुन्हा एकदा एकटे आले. त्या वेळी माझ्या खांद्यावर माझी सात वर्षांची लेक होती. तीन वर्षांनी कॅप्टन सौदामिनी देशमुख यांनी 'फोकर फ्रेंडशिप' विमान नेले. सोबतच्या साऱ्या कर्मचारी स्त्रियाच होत्या. लेकीने ती बातमी कापून वहीत चिकटवली. बारावी झाल्यावर तीच वही तिने माझ्यापुढे उघडली.

मी म्हणालो, "पैसे कुठून आणू?"

खोटे नव्हते ते. पण पुरते खरेही नव्हते. मुलगा असता तर निदान कुठे कर्ज मिळते का, एवढी चौकशी तरी मी केली असती. लेक काही बोलली नाही. वही मिटली, आणि यथावकाश बँकेत नोकरीला लागली.

कंदील लागल्यावर मी नातीला 1930 सालची गोष्ट सांगितली. इंग्लंड ते भारत हा प्रवास विमानाने एकट्याने पार पाडणाऱ्या पहिल्या भारतीयाला आगाखानांनी बक्षीस लावले होते. टाटा कराचीहून निघाले, तर अस्पी इंजिनियर नावाचा कोवळा तरुण इंग्लंडहून. इजिप्तमध्ये दोघांची गाठ पडली. अस्पी प्लगसाठी अडकून पडला होता. टाटांनी आपल्याजवळचे जादा प्लग त्याला दिले. अस्पी पुढे गेला आणि बक्षीस त्यानेच जिंकले. पुढे तो भारताच्या हवाई दलाचा प्रमुख झाला. त्याचे तीन भाऊही हवाई दलातच गेले.

"म्हणजे आजोबा, तुम्ही मला प्लग देणार?" नात म्हणाली.

स्वयंपाकघरात लेक चकल्या तळत होती. तिथूनच ती म्हणाली, "बाबा, माझ्या वेळी कुठे ठेवला होता हो तो प्लग?"

चकलीचा एक घाणा होईपर्यंत घरात कुणी बोलले नाही. या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. आजही नाही.

रात्री मी फंडाच्या ठेवीचे कागद काढून लेकीपुढे ठेवले. शिक्षणाच्या खर्चापुढे ती रक्कम तुटपुंजी आहे, हे बँकेतल्या बाईला मी काय सांगणार? तिने चष्मा लावून हिशेब मांडला. माझी ठेव, तिची ठेव, उरलेले कर्ज. मग उठली, कपाट उघडले आणि ती जुनी वही नातीच्या हातात दिली. सौदामिनीबाईंच्या पिवळ्या पडलेल्या बातमीसमोर नातीने आपल्याकडचे चित्र चिकटवले: 2019 साली छोट्याशा विमानातून एकटीने अटलांटिक ओलांडणारी मुंबईची आरोही पंडित.

ही तर आज इथून निघेल. पण लेकीची वही मी जी मिटवली, ती मिटवलीच. मंडळी, आपल्या घरी कुणी अशी वही उघडली, तर "पैसे कुठून आणू" म्हणण्यापूर्वी खिशात एखादा प्लग आहे का, तेवढे चाचपून पाहा.