सुक्याबरोबर ओले

गेल्या वर्षी नरकचतुर्दशीला आमच्या सौ. तेलाची वाटी घेऊन पुढे झाल्या, तेव्हा अक्काने डोक्यावरचा पदर मागे घेतला आणि म्हणाली, "यंदा तुमचे तेल वाचले गं!" सगळे हसले, पण हसू घशातच अडले. अक्काला स्तनाचा कर्करोग. औषधांनी केस गेले होते. दुपारी तिने मला गाठले. "बाळू, तू एवढा प्रोफेसर. रोग छातीत, मग औषध केसांच्या मुळावर का उठते रे?"

वाचकहो, मी मराठीचा मास्तर. समासाचा विग्रह विचारा, झोपेतही सांगेन. हे मात्र जीवशास्त्राच्या सहकाऱ्यांकडूनच समजून घ्यावे लागले.

पेशीच्या केंद्रकात डीएनएची पोथी असते. तिचे अध्याय 46, म्हणजे गुणसूत्रे, आणि अक्षरांच्या जोड्या सुमारे 600 कोटी. एका पेशीच्या दोन होण्यापूर्वी या पोथीची एक नक्कल व्हावी लागते. एका अध्यायाला एकच लेखनिक बसवला, तर मोठ्या अध्यायाला महिन्याहून अधिक लागेल. म्हणून नक्कल हजारो ठिकाणी सुरू होते आणि साधारण 8 तासांत उरकते.

खरी गंमत या आरंभातच आहे. ओआरसी नावाचा प्रथिनांचा गट धाग्यावर ठिकठिकाणी बसतो आणि एमसीएम नावाची कडी जोडीजोडीने त्यात ओवून ठेवतो. या कड्या गप्प असतात. मग दुसऱ्या काही प्रथिनांचा हुकूम येतो, कड्या जाग्या होतात, धाग्याचे दोन पदर उलगडतात आणि लेखन सुरू होते. त्यानंतर नवी कडी ओवायला बंदी. का, तर तेच पान दोनदा उतरू नये म्हणून. आधी तयारी, मग हुकूम, अशी ही शिस्त.

मला वाटले होते, कर्करोगाच्या पेशीत हा आरंभ काही निराळ्याच आसुरी रीतीने होत असेल. तसे नाही. गट तोच, कड्या त्याच. बिघडते ती शिस्त. काही गाठींत सायक्लिन ई नावाचे प्रथिन फार वाढते आणि पुरेशा कड्या ओवण्याआधीच हुकूम सुटतो. मग कुठे मजकूर राहून जातो, कुठे धागा तुटतो, अपपाठ शिरतात. आणि तीच अशुद्ध प्रत घेऊन पुढच्या पेशी निपजत राहतात.

कर्करोगाची पुष्कळ औषधे या नकलेवरच घाला घालतात. मेथोट्रेक्सेट घ्या. ते डीएनएच्या अक्षरांचा पुरवठाच तोडते. पण लिहिणारी पेशी चोराची की सावाची, हे औषधाला ओळखता येत नाही. केसांच्या मुळांशी पेशी सतत वाढत असतात, तिथेही नकला चालू असतात. त्यांनाही तडाखा बसतो.

भाऊबीजेला ओवाळून झाल्यावर हे सारे मी अक्काला सांगितले. तिने शांतपणे ऐकले आणि म्हणाली, "म्हणजे सुक्याबरोबर ओलेही जळते, असेच ना?" दोन दिवसांचा माझा अभ्यास तिने एका म्हणीत गुंडाळला! मी एवढेच जोडले, "हो, पण अक्का, हे ओले पुन्हा फुटते."

औषधे संपली. दर तीन महिन्यांची तपासणी चालू आहे, आणि तिच्या आदल्या रात्री आम्हा कुणाला झोप लागत नाही. पण अक्काच्या डोक्यावर आता बोटभर केस आहेत. यंदा तेलाची वाटी तिने स्वतःच मागून ठेवली आहे.