वेंगुर्ल्याचे जामीनदार

बँकेत नव्या अधिकाऱ्याला पहिला धडा मिळतो तो असा, की कर्जदाराकडे एकदा पाहा, जामीनदाराकडे दोनदा. १९८०च्या दशकात वेंगुर्ल्याच्या शाखेत रुजू झालो, तेव्हा हा धडा मला तोंडपाठ होता. त्यामुळे उभादांड्याचा एक ख्रिस्ती रापणकार होडीच्या इंजिनासाठी कर्ज मागायला आला आणि जामीनदार म्हणून त्याने एक मुसलमान शिंपी व बाजारातला एक वाणी पुढे केला, तेव्हा मी चष्मा काढून ठेवला. विचारले, "तुझ्या नात्यातला, धंद्यातला कोणी नाही का?" तो हसून म्हणाला, "माझे भाव सगळे कर्जातच आसत, सायबानू." शिंप्याने सही करता करता पुस्ती जोडली, "मी तेका वळाखतंय, तो माका वळाखता. आणि काय व्हया तुमका?"

त्या वेळी मला ती अडाणी भाबडेपणाची गोष्ट वाटली. खरा अडाणी मीच होतो. मासळी आटली की सगळ्याच रापणकारांचे हप्ते एकदम थकतात. भाऊ भावाला काय तारणार? जामीन राहायचा तर ज्याची चूल समुद्रावर पेटत नाही असाच माणूस हवा. आणि आपल्याकडे धंदे जातीधर्माप्रमाणे वाटलेले, म्हणजे तो माणूस ओघानेच दुसऱ्या वाड्यावरचा, दुसऱ्या देवाचा निघायचा.

वेंगुर्ल्याला परकी माणसे नवी नाहीत. सतराव्या शतकात डचांनी येथे वखार घातली, ती पोर्तुगीजांच्या गोव्यावर नजर ठेवायला आणि आपल्या जहाजांना शिधा पुरवायला. तिचे भग्नावशेष आजही उभे आहेत. १८१२ मध्ये गाव इंग्रजांकडे गेले. पुढे बेळगावच्या छावणीचा माल याच बंदरात उतरून घाट चढू लागला. अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनने येथे रुग्णसेवा सुरू केली. तिथल्या डॉक्टरांच्या घरी १९१९ मध्ये जन्मलेला रॉबर्ट गोहीन हा मुलगा १९५७ मध्ये प्रिन्स्टन विद्यापीठाचा अध्यक्ष झाला आणि १९७७ मध्ये अमेरिकेचा राजदूत म्हणून दिल्लीत आला. दहा वर्षांनी याच गावात जन्मलेले मंगेश पाडगावकर आपल्याला अधिक जवळचे, हे सांगायला नकोच. पोर्तुगीजांचे राज्य शेजारी, पण त्यांचे शब्द आमच्या घरात: काजू, पाव, साबण, चावी. ज्या 'पगारा'वर मी तीस वर्षे काढली तोही त्यांचाच.

म्हणून येथे सगळे गुण्यागोविंदाने नांदत होते असे चित्र रंगवायचा मोह मात्र मी टाळतो. वाडे वेगळे होते. विहिरी वेगळ्या होत्या. कुणी कुणाच्या ओटीपर्यंत यायचे आणि कुणी माजघरात, हे ठरलेले होते, आणि काहींना ओटीही नव्हती. सलोखा हवेतून येत नाही. तो उधारीच्या वहीतून, शिवणाच्या मापातून, सकाळच्या मासळीच्या पाटीतून येतो. एकाचे दुसऱ्यावाचून अडते म्हणून येतो.

त्या रापणकाराचे पुढे व्हायचे तेच झाले. लागोपाठ दोन हंगाम वाईट गेले, हप्ते थकले. नोटीस निघणार, तोच वाणी आला आणि तीन हप्ते भरून गेला. जाताना म्हणाला, "तेका सांगू नकात. लाजान माझ्या दुकानाची पायरी चढाचो नाय, आणि माझा गिऱ्हाईक जायत." मी सांगितले नाही. आज प्रथमच लिहितो आहे.

ते अडणे आता संपत आले आहे. बंदराचा व्यापार तर केव्हाच ओसरला होता. १८८८ मध्ये मुरगाव रेल्वेने जोडले गेले आणि घाटावरच्या मालाला दुसरी वाट मिळाली. कोकण रेल्वे १९९८ मध्ये पूर्ण झाली, पण तिला गाठायला सावंतवाडी किंवा कुडाळलाच जावे लागते. पोरे मुंबईला, गोव्याला, आखातात गेली. कपडे तयार मिळतात. कर्ज द्यायचे की नाही हे संगणकावरचा आकडा सांगतो. शेजारच्या माणसाची ओळख त्यात कुठे मांडायची सोय नाही. आमच्या वेळच्या चुका पाहता ही पद्धत वाईट आहे असे म्हणण्याचा अधिकार मला नाही. पण परवा एका लग्नात पाहिले: एकाच आळीत वाढलेली दोन तरुण मुले एकमेकांशी अतिशय अदबीने बोलत होती, पाहुण्यांशी बोलावे तशी. दोघांचे आजे एकमेकांचे जामीनदार होते. मुलांना ते ठाऊक नव्हते.

गेल्या मे महिन्यात शिंप्याच्या घरी गेलो. तो आता नाही. त्याची बायको आहे, एकटीच. दाराजवळच्या खिळ्याला चाव्यांचा जुडगा होता. शेजारच्या बंद घरांच्या चाव्या, तिने एकेक करून दाखवल्या: ही मुंबईला गेलेल्या मास्तरांची, ही वाण्याच्या मोठ्या मुलाची. पाऊस सुरू होण्याआधी ती प्रत्येक घर उघडून कौले पाहून येते. रापणकाराच्या घराची चावी वेगळ्या दोरीत होती. "तो गणपतीक येता," ती म्हणाली, "वाण्याकडे."