स्वतःचें गाणें

दुसऱ्याच्या वहींतून उतरून घेतलेलें उत्तर बरोबर असलें, म्हणून तें आपलें होतें काय? विद्यार्थिमित्रहो, एक उदाहरण पाहूं. 1984 सालीं मुंबईंत 'रॉक मशीन' नांवाचा इंग्रजी गाणीं वाजविणाऱ्या तरुणांचा मेळा उभा राहिला. त्या काळीं असे बहुतेक मेळे विलायती गाणीं हुबेहूब म्हणण्यांतच धन्यता मानीत. श्रोत्यांसही तेंच रुचे. या मंडळींनीं मात्र स्वतः गाणीं रचिलीं व 1988 सालीं त्यांची ध्वनिमुद्रिका काढिली. 1993 सालीं त्यांनीं सिंधूचें स्मरण देणारें 'इंडस क्रीड' हें नांव घेतलें. 1997 सालीं मेळा मोडला. 2010 सालीं तो पुनः जमला आणि 2012 सालीं नवी ध्वनिमुद्रिका आली.

भाषा इंग्रजीच राहिली, हा आक्षेप खरा. परंतु परक्या भाषेंत आपलें सांगणें निराळें आणि परक्याचेंच सांगणें घोकणें निराळें. आमच्या कंधारांत जगत्तुंग तलावाच्या काठीं वाढलेला मुलगा निबंधांत कधीं न पाहिलेला समुद्र मार्गदर्शिकेंतून उतरवितो! पालकहो, चार गुण कमी पडले तरी पडोत. मुलाचें वाक्य मुलाचेंच असूं द्या.