अर्धशिशीचा विमानप्रवास

व्हर्जिनिया वुल्फ यांनी १९२६ साली आजारपणावर एक निबंध लिहिला. डोकेदुखीसारख्या शारीर वेदनेसाठी इंग्रजीपाशी शब्दच नाहीत, ही त्यातली तक्रार प्रसिद्ध आहे. मराठीपुरती ती आम्हांला कधी पटली नाही. आपल्याकडे डोके ठणकते, भणभणते, ठसठसते. कपाळात कळ येते, सणक जाते, तिडीक उठते. अर्धेच डोके दुखत असेल तर त्यासाठी अर्धशिशी हा रोखठोक शब्द आहे आणि त्याच्याही मागे सुश्रुतसंहितेतला अर्धावभेदक उभा आहे. तेव्हा दारिद्र्य शब्दांचे नाही. झाले आहे ते असे, की हे सारे शब्द आपण वैतागावर आणि रागावर खर्चून टाकले आहेत. तिडीक आता डोक्यात जाते ती कुणाच्या तरी बोलण्याने. शेजाऱ्याचा टीव्ही, नॅकच्या फायली, नगरपालिका या साऱ्यांची आपल्याला 'डोकेदुखी' होते. 'डोके उठले आहे' असे कुणी म्हणाले, तर त्याला गोळी द्यावी की त्याच्यापासून चार पावले दूर जावे, हे वाक्यावरून कळत नाही.

हे केवळ शब्दार्थाचे कुतूहल असते तर वर्गातल्या एका तासापुरते पुरले असते. पण आम्हां दोघींपैकी एकीला गेली वीस वर्षे अर्धशिशी आहे आणि चर्चासत्रांच्या निमित्ताने दोघींना बरोबर विमानप्रवास घडतो. शब्द झिजल्याने औषध कसे उशिरा पोटात जाते, हे आम्ही तिथे पाहिले आहे.

दिल्लीहून पुण्याला परतताना विमान पहाटे पावणेसहाचे होते. म्हणजे अडीचला उठणे, तीनला टॅक्सी आणि पोटात नुसता चहा. आमच्यातली जी दुखणाईत, तिला सुरक्षा तपासणीच्या रांगेतच डाव्या भुवईमागे ठसठस जाणवू लागली. गोळी पर्समध्ये होती. तिने ती घेतली नाही. "बघू, थांबेलही" असे ती म्हणाली आणि दुसरीने मान डोलावली, हा त्या दुसरीचाही दोष. विमानात शेजारच्या गृहस्थांनी अत्तराचा फवारा मारून घेतला. उड्डाणाच्या वेळी खिडकीची झडप उघडी ठेवावी लागते, तेव्हा समोरून उगवता सूर्य. तासाभराने तिला उलटीची पिशवी लागली. झडप थोडी खाली ओढाल का, असे त्या गृहस्थांना विचारले, तर ते अगदी सौजन्याने म्हणाले, "डोकं तर आमचंही दुखतं हो मॅडम, चहा घ्या, बरं वाटेल."

त्यांच्यावर आमचा राग नाही. 'डोके दुखते' या शब्दांतून त्यांना जेवढे ऐकू आले, तेवढ्याचे उत्तर त्यांनी दिले. आमची तक्रार आहे ती रांगेतल्या त्या 'बघू'वर. अर्धशिशीवर आज जी ट्रिप्टान गटातली औषधे दिली जातात, ती दुखणे सौम्य असताना घेतली तर उत्तम लागू पडतात. ठणका भरात आल्यावर त्यांचा उपयोग कमी होतो, आणि उलट्या सुरू झाल्या की गोळी पोटात टिकतही नाही. (हृदयविकार असलेल्यांना ती चालत नाहीत; म्हणून आधी डॉक्टर, मग पर्स.) म्हणजे ज्या क्षणी हे दुखणे 'नुसती डोकेदुखी' वाटते, नेमका तोच क्षण औषधाचा. आणि नेमक्या त्याच क्षणी आपली भाषा सांगते, की एवढ्याशासाठी काय गोळी घ्यायची, जरा सोसा. बाईला तर विशेषच सांगते. अर्धशिशी पुरुषांपेक्षा स्त्रियांत सुमारे तिप्पट आढळते, आणि आपल्या नाटकांत डोक्याला फडके बांधून निजलेली बाई बहुधा कामचुकार किंवा कावेबाज निघते, या दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहाव्यात.

जुने घरगुती उपाय आम्हांला पाठ आहेत. सुंठ उगाळून लेप, सूर्योदयापूर्वी दूध-जिलबी, कपाळाला घट्ट फडके. त्यांच्या गुणाबद्दल आम्ही काही म्हणत नाही. पण त्या साऱ्यांना घर लागते आणि घरात एक अंधारी, शांत खोली लागते. विमानात नेमकी तीच नसते. उलट प्रवासी केबिनमधल्या हवेचा दाब समुद्रसपाटीपासून सुमारे १,८०० ते २,४०० मीटर उंचीवर असावा तेवढाच राखलेला असतो. कळसूबाईचे शिखर १,६४६ मीटर आहे. म्हणजे खुर्चीत बसल्या बसल्या आपण त्याच्याही वर जाऊन दोन तास काढतो. हवेतली आर्द्रता बहुधा वीस टक्क्यांच्या खाली. त्यात मोडलेली झोप, चुकलेले जेवण, अपुरे पाणी. अर्धशिशीला यांतले एकेकटे कारणही पुरते.

म्हणून त्या प्रवासानंतर आम्ही काही गोष्टी बदलल्या. पहाटेचे विमान घ्यायचे नाही. औषध सामानात न टाकता जवळ ठेवायचे, मूळ वेष्टनात आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसह. परदेशी जाताना तर नक्कीच, कारण कोडीन असलेल्या वेदनाशामकांवर संयुक्त अरब अमिरातीसारख्या देशांत कडक निर्बंध आहेत. तपासणी पार पडली की बाटली भरून घ्यायची, काहीतरी खायचे, गॉगल आणि टोपी हाताशी ठेवायची. मात्र भीतीपोटी ऊठसूट गोळ्या घेणे हाही मार्ग नव्हे. महिन्यातून दहा किंवा अधिक दिवस ट्रिप्टान घेत राहिल्यास औषधच डोकेदुखीचे कारण होऊन बसते. सोसणे आणि गिळत सुटणे यांच्यामधली वाट अरुंद आहे, ती वहीत तारखा मांडूनच सापडते.

नाव असण्याने काय फरक पडतो, याचे एक उदाहरण विमानप्रवासातच आहे. विमान खाली उतरू लागले, की काहींना डोळ्याच्या वर, एकाच बाजूला, सुरी खुपसावी तशी वेदना होते आणि अर्ध्या तासाच्या आत ती निघून जाते. ही अर्धशिशी नव्हे. दाब बदलताना कपाळातल्या पोकळ्यांवर ताण येऊन ती होत असावी असे मानतात. माणसे विमानातून हिंडू लागल्याला कितीतरी दशके झाली होती, पण या दुखण्याची वैद्यकीय नियतकालिकात पहिली नोंद झाली २००४ साली, आणि डोकेदुखीच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात ते आले २०१३ साली. तोवर ते ज्यांना होत होते, ते आपापल्या डॉक्टरांना काय सांगत असतील? बहुधा 'डोके दुखते' एवढेच.

गेल्या महिन्यात नागपूरच्या एका चर्चासत्राच्या आयोजकांनी आमची पहाटेची तिकिटे काढली. एरवी 'काही अपरिहार्य कारणामुळे' असे लिहून आम्ही वेळ बदलून मागितली असती. या वेळी पत्रात अर्धशिशी असे स्पष्ट लिहिले, दुपारचे विमान मागितले आणि भाड्यातला फरक आम्ही देऊ असेही कळवले. तो शब्द टंकताना बोट थोडे अडखळले, हे कबूल करायला हवे. संध्याकाळी उत्तर आले. दुपारची तिकिटे जोडली होती, फरकाविषयी चकार शब्द नव्हता, आणि खाली सरांनी लिहिले होते : आमच्या सौभाग्यवतींनाही हाच त्रास आहे, त्या विमानात खिडकीची जागा कधीच घेत नाहीत, तुम्हां दोघींना कडेच्या घेतल्या आहेत.