तुरीत मॅग्नम काय करणार?

जाड नळीच्या मॅग्नम रायफलीची तारीफ खोटी नाही. जाड नळी लवकर तापत नाही, वजनामुळे खांद्याला दणका कमी बसतो आणि जास्तीच्या दारूमुळे गोळी लांबवर कमी झुकते. पण ही बंदूक उघड्या माळांची, डोंगरउतारांची. आमच्या यवतमाळात तिचं काय? चितळाच्या शिकारीला १९७२च्या कायद्यानं बंदी आहे. तोच कायदा पिकं नासवणाऱ्या रोह्याला आणि रानडुकराला मारायची परवानगी देऊ शकतो, तीही वनखात्याकडे अर्ज करून. अर्जाचं उत्तर येईस्तोवर रोही वाट बघत थांबत नाही, हा भाग वेगळा. ती परवानगी मिळाली तरी कार्तिकात तूर डोक्याइतकी वाढलेली, पलीकडचं जनावर दिसत नाही, आणि हुकलेली गोळी कुठल्या धुऱ्यावर जाईल याचा नेम नाही. तिथं कुणीतरी जागलीला बसलेलं असतंच. लांबवरच्या नेमाची इथं गरजही पडत नाही: २ नोव्हेंबर २०१८च्या रात्री राळेगाव तालुक्यात बोराटीजवळ नरभक्षक ठरवलेली अवनी वाघीण गोळी घालून मारली गेली, तीसुद्धा जवळून. म्हणून इथले शेतकरी बंदुकीच्या नादी न लागता उधारीवर कुंपणाच्या तारेत विजेचा झटका सोडणारं झटका मशीन आणतात.