हेब्बाळचे वाल

बंगळूरचे हेब्बाळ म्हटले की हल्ली उड्डाणपूल आणि वाहनांची रांग आठवते. कर्नाटकातल्या शेतकऱ्याला मात्र या नावाचे बियाणे ठाऊक आहे, ‘हेब्बाळ अवरे’. अवरे म्हणजे आपले वाल किंवा पावटे!

म्हैसूरच्या राजप्रतिनिधी महाराणींनी १८९९ साली दिलेल्या हेब्बाळच्या तीस एकरांवर शेतीचे प्रयोग सुरू झाले. १९६४ मध्ये बंगळूरचे कृषी विद्यापीठ स्थापन झाले. गावठी अवरेची अडचण अशी, की दिवस लहान झाल्याखेरीज त्याला फूल येत नाही. पावसाळ्यात पेरा, शेंगा थंडीत मिळणार. विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी दिवसाच्या लांबीची पर्वा न करणारे वाण तयार केले. ‘हेब्बाळ अवरे-३’ आणि ‘हेब्बाळ अवरे-४’ कोणत्याही हंगामात घेता येतात. खवय्ये कुरकुरतात, कारण हिवाळी शेंगेचा तो खास वास, ज्याला कन्नडमध्ये ‘सोगडू’ म्हणतात, नव्या शेंगेला तेवढा नाही. त्यांचे खरे आहे. पण खुरटणाऱ्या मुलाच्या घरी वासाची चैन कोणाला परवडते?

आणि अशी घरे थोडी नाहीत. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात पाच वर्षांखालची ३५.५ टक्के मुले वयाच्या मानाने बुटकी आढळली. महाराष्ट्र ३५.२, कर्नाटक ३५.४. दोन्ही राज्ये सारखीच!

शंभर ग्रॅम सुक्या वालात २० ते २५ ग्रॅम प्रथिने असतात, साधारण तीन-चार अंड्यांएवढी. प्रथिनांच्या पावडरीचा महागडा डबा आणणाऱ्या माझ्या शेजारीणबाईंना हे सांगितले, तर त्या हसल्या. ‘वालाने कुठे ताकद येते?’ एकट्या वालाने येत नाही, हेही खरेच. डाळी-कडधान्यांत लायसिन हे अमिनो आम्ल भरपूर, मेथिओनिन कमी. धान्याचे नेमके उलटे. दोन्ही एका जेवणात आली की एकाची उणीव दुसरे भरून काढते. बंगळूरच्या खेड्यांत नाचणीच्या मुद्द्याबरोबर अवरेचे सारू खातात, कोकणात भाताबरोबर वालाचे बिरडे. तीन भाग धान्याला एक भाग डाळ किंवा कडधान्य, एवढे प्रमाण सांभाळले की पुरे.

इथे आपल्या एका माणसाची आठवण होते. साताऱ्याकडचे डॉ. पां. वा. सुखात्मे रोमच्या अन्न व कृषी संघटनेत सांख्यिकी विभागाचे संचालक होते. सारे जग प्रथिनांच्या तुटवड्याची चिंता करत असताना त्यांनी बजावले, की मुळात पोटच भरत नसेल तर खाल्लेली प्रथिनेही शरीर इंधन म्हणून जाळून टाकते. तेव्हा मुलाला नुसते वालाचे पाणी पाजून काही होणार नाही. भात-भाकरी पोटभर हवी, वर चमचाभर तेल किंवा तूप हवे. पायांवर सूज आलेल्या, फार रोडावलेल्या मुलाला मात्र घरी काही करून पाहू नका. आधी दवाखाना गाठा.

सुके वाल कच्चे किंवा अर्धेकच्चे खाऊ नयेत, त्यात पचनाला अडथळा करणारे आणि अपायकारक घटक असतात. रात्रभर भिजवावेत, ते पाणी टाकावे, मोड आणून सोलावेत, मऊ शिजवावेत. लहान मुलासाठी घोटून गाळून भातात कालवावेत. बंगळूरकर ताजे दाणेसुद्धा भिजवून, चिमटीत दाबून सोलतात. त्यालाच ‘हितकिद बेळे’ म्हणतात. आपल्या डाळिंब्यांची जणू सख्खी बहीण! वाल स्वस्त असतात हे सगळे सांगतात. ते सोलायला बसलेल्या बाईचा तासभर मात्र किमतीत कोणीच धरत नाही.